दस्त्याला काही धरत नाही

९ मार्च, सोमवार

कालच्या नोंदीत एक चूक आहे, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं की रायफलने सगळ्या गोळ्या डावीकडे फेकल्या. ते खरं नाही. निम्म्या डावीकडे गेल्या आणि निम्म्या जिथे जायला हव्यात तिथेच गेल्या. रागात होते म्हणून सरसकट लिहून टाकलं. फरक लहान नाही. सगळ्या डावीकडे गेल्या असत्या तर दोष नेम धरायच्या साइटचा किंवा माझा. एकाच कागदावर दोन वेगळे पुंजके पडले म्हणजे लोखंड लाकडात पक्कं बसलेलं नाही. गोळी सुटली की ते किंचित सरकतं आणि परत जुन्या जागी येतंच असं नाही.

बाबांना हे नुसता कागद बघून कळलं. खुर्चीत बसूनच त्यांनी तो उजेडाकडे धरला. कंपवातामुळे कागद फडफडत होता, तरी म्हणाले, "दस्ता सैल झालाय. तुला काय वाटलं, वारा?"

मी वाराच म्हणणार होते.

उपाय ठरलेला आहे. त्याला बेडिंग म्हणतात. लाकडी दस्त्याच्या आतल्या खाचेत, जिथे लोखंड टेकतं तिथे, दोन द्रव मिसळून केलेलं इपॉक्सी भरायचं आणि त्यात लोखंड बसवून ठेवायचं. ते दगडासारखं झालं की लोखंडाला स्वतःच्या मापाची जागा मिळते. इपॉक्सीने लाकडाला घट्ट धरायला हवं आणि लोखंडाला मुळीच नाही. म्हणून लोखंडाला आधी मेणाचं पॉलिश लावायचं. ते लावायचं राहिलं तर दोन्ही कायमची जुळून बसतात आणि मग रायफल भिंतीवर टांगण्याच्या कामाची. हे एकदाच करता येतं.

मेच्या मध्यावर निवड स्पर्धा आहे. गेल्या वर्षी थोडक्यात हुकली. पुढच्या वर्षी परत देता येईल, पण डॉक्टर बाबांबद्दल बोलताना "पुढच्या वर्षी" म्हणत नाहीत, "बघू" म्हणतात. मी राष्ट्रीय स्पर्धेत झोपून नेम धरलाय आणि बाबा मागे बसून बघतायत, एवढंच मला हवं आहे. हे वाक्य लिहायचं नव्हतं. लिहिलं, आता राहू दे.

१२ मार्च, गुरुवार

रोह्यात इपॉक्सी मागितलं की नळवाले वापरतात ती राखाडी पुट्टी पुढे करतात. तीही एक घेतली, राहून गेली असं नको. बाकीसाठी पेणला गेले. तिथली रेझिनची दुकानं गणपतीच्या कारखान्यांवर जगतात. काउंटरवरच्या माणसाला जगात दुसरं काही बनवतात याची खबर नाही.

"मूर्ती केवढी, ताई?"

"मूर्ती नाही."

"मग साचा?"

"साचाही नाही. लाकडात लोखंड बसवायचंय."

"मखराला होय!"

"रायफलला."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे कोणी मोठं माणूस आहे का ते बघितलं. "चालेल," म्हणाला. "हे सगळ्याला चालतं."

बाबा म्हणतात, सगळ्याला चालतं असं जो म्हणतो तो विकणारा असतो, वापरणारा नसतो. घट्ट होताना किती आकसतं, असं मी विचारलं. तो म्हणाला, "आकसलं तर वरून थोडं भरायचं." म्हणजे बाप्पाचं बोट तुटलं तर जोडतो तसंच. तरी तीन प्रकार घेतले: दोन ट्यूबचं झटपट होणारं, संगमरवर जोडायचं, आणि फायबरच्या मूर्तीचं रेझिन. पहिल्याच्या डब्यावर हसणारं कुटुंब आहे. ज्या डब्यावर कुटुंब हसतं त्यात काही ताकद असेल असं मला वाटत नाही.

बाबांनी मला चौथीपर्यंत घरीच शिकवलं. स्वतः शाळेत शिकवायचे, पण मला त्या शाळेत घालेनात. "तिथे तीस पोरं एकदम चुकतात," म्हणायचे. त्यांच्याकडे मी एकटीच चुकायचे आणि मग चूक कळेपर्यंत उठता येत नसे. आज त्या दुकानात उभी असताना त्याचे उपकार वाटले.

१५ मार्च, रविवार

नेमबाजीच्या रेंजवर नेहमीप्रमाणे पुष्करच्या गाडीतून गेले. पुष्कर माझा आतेभाऊ. धाटावच्या एका कंपनीत रेझिन विकतो. बनवत नाही, विकतो. दर रविवारी रोहा ते पेण मला आणि रायफलला नेतो, दुपारभर झाडाखाली मोबाईल बघत बसतो आणि परत आणतो. त्याला दुसरं काम नसावं.

"मैथू, तुझ्या बंदुकीला फिजिओथेरपी लाव," नागोठण्याच्या आसपास म्हणाला.

"बंदूक नाही, रायफल."

"बरं बाई, रायफलताई. आमचं एक स्लो आहे, चोवीस तास घेतं. आकसत जवळजवळ नाही. लॅबमधून नमुना आणतो."

"तू कधी वापरलंस?"

"मी कशाला वापरू? मी विकतो."

निदान खरं बोलला. चाचणीसाठी मी क्लबच्या मोडक्या दस्त्याचे तुकडे कापून घेतले आहेत. आमच्या दस्त्याचं आहे तसंच अक्रोडाचं लाकूड, प्रत्येक तुकड्यात एक खाच. त्यातला एक त्याने खिशात टाकला. लॅबमधल्या माणसाकडून मोजून भरून आणतो म्हणाला. आणेल तेव्हा खरं.

रेंजवर प्रतिक्षा होती. पेणच्या पलीकडे खाडीकाठच्या गावची. घरची मिठागरं, एक होडी. क्लबची रायफल वापरते. त्या रायफलला तीन ठिकाणी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली आहे आणि प्रतिक्षा ती झाडू उचलावा तशी उचलते.

"काय गो मैथिली, तुजी बंदूक आज पन रुसली काय?"

"बेडिंग सैल आहे."

"माजीला तर बेडिंग हाय का नाय तेच म्हायत नाय मना." मग लगेच, "आनि गोपाळकृष्ण सर कसे हायत? येकदा आन ना त्यांना. मना नुसता आयकूनच त्यांचा लय भ्याव वाटतो, पन आन."

बाबा बरे आहेत म्हटलं. तिने दोन गोळ्यांच्या मधे चणे खाल्ले. हे मी पाहिलं. निकाल तिचा माझ्यापेक्षा चांगला आला. नोंद करते. त्याचं कारण शोधण्यात अर्थ नाही, कारण माझी रायफल सैल आहे.

१९ मार्च, गुरुवार. पाडवा

आमच्याकडे पाडव्याला गुढी उभारली की रायफलला वर्षाचं तेल पाजतात. उंडीचं तेल, होडीला लावतात ते. दाट, हिरवट, उग्र वासाचं. हे काम बाबांचं. बाटलीला घरात दुसरं कोणी हात लावत नाही. पावसाळ्यात आमच्या कपाटातल्या चपलांना बुरशी येते, पुस्तकं फुगतात, पण हा दस्ता वीस वर्षांत एकदाही फुगला नाही.

या वर्षी फडकं त्यांच्या हातात राहीना. मग मी रायफल आडवी धरली आणि त्यांनी फडकं नुसतं टेकवलं. हात थरथरतच होता, त्यामुळे घासण्याचं काम आपोआप होत गेलं.  वरची बाजू झाली, मग लोखंड काढून आतली खाच. आतली खाच बाबा कधी विसरत नाहीत. लोक वरून चमकवतात, ते म्हणाले, कारण लोकांना वरून बघणारेच भेटतात.

"हे तेल प्यायलेल्या लाकडाला काही धरत नाही," म्हणाले. "पाणी नाही, बुरशी नाही, वाळवी नाही. कंपन्यांनी इतकी पॉलिशं काढली, काय झालं? डबे झाले."

आई श्रीखंड घेऊन ओटीवर आली. "झालं का न्हाऊ-माखू? आता हिचं एकदा लग्न लावून द्या, म्हणजे माझ्या मुलीला मोकळीक मिळेल."

बाबा हसले. बऱ्याच दिवसांनी.

चाचणी खरी व्हावी म्हणून मी लाकडाच्या तुकड्यांनाही तेच तेल लावलं, दोनदा, खाचेच्या आतसुद्धा, अगदी बाबांच्या पद्धतीने. कोरड्या लाकडावर घेतलेली चाचणी ही स्वतःला फसवण्याची सोपी तऱ्हा आहे. माझा दस्ता जसा आहे तशाच लाकडावर जे टिकेल तेच मी वापरणार.

२४ मार्च, मंगळवार

शनिवारी चारही खाचा भरल्या. आज तपासल्या.

पुट्टी: अंगठ्याने दाबली, निघाली. झटपट इपॉक्सी: हातोडीच्या एका टिचकीने निघालं, पोपटीच्या मडक्यात भाजलेल्या शेंगेतून वालाचा दाणा निघावा तसं, गुळगुळीत आणि पूर्ण. संगमरवराचं: आकसलं आणि स्वतःच सुटलं, हातोडीही लागली नाही. मूर्तीचं रेझिन: तीन दिवसांनीही खालून चिकट, वास मात्र घरभर.

चार वस्तू, चार डबे, आणि एकही लाकडाला धरत नाही. धरणं हेच ज्यांचं एकमेव काम आहे त्यांना ते येत नाही आणि तरी ती दुकानात मांडलेली आहेत. बाबांना दाखवलं. त्यांनी सुटलेला तुकडा तळहातावर घेतला. तो तळहातावर खुळखुळत राहिला.

"बाजार," एवढंच म्हणाले.

नेमका शब्द.

पण रात्रीच्या जेवणानंतर भीती वाटली, ती इथे लिहायला हवी. एप्रिल जाईल, मे येईल, आणि मी अजून वस्तूच निवडत असेन. निवडीशिवाय सुरुवात करणं मूर्खपणा आहे हे मला माहीत आहे. आणि निवडत बसणं हा पण एक प्रकारचा आराम आहे, असं आई भांडी लावताना म्हणाली. आईला नेमबाजीतलं काही कळत नाही.

२९ मार्च, रविवार

पुष्करने तुकडा आणला. खाच गच्च भरलेली, करड्या रंगाची, वरून सपाट. "स्लो आहे. त्यात ॲल्युमिनियमची पूड घातलीय आमच्या लॅबवाल्याने. मार हातोडी."

मारली. काही झालं नाही. पटाशी लावली. शेवटी लाकूडच चिरलं आणि इपॉक्सी लाकडाचे धागे धरून तसंच राहिलं.

क्षणभर मला आनंद झाला. मग लक्षात आलं.

"तुकड्याला तेल लावलं होतंस?"

"कसलं तेल?"

"उंडीचं. पाडव्याला सगळ्या तुकड्यांना लावलं."

"मी तर आधीच नेला होता ना. आणि मला कोणी सांगितलं तेल लावायला?"

म्हणजे झालं. पंधरा दिवस घेतले आणि चाचणी निकामी करून आणली. कोरड्या लाकडाला काय, भातसुद्धा चिकटतो. मी त्याला हे सांगितलं. तो स्टिअरिंगवर बोटं वाजवत हसला. "मैथू, धरलं तरी तुला चालत नाही, सुटलं तरी चालत नाही. तू मामांपेक्षा वरची आहेस."

बाबांची आणि माझी तुलना त्याला शिवी वाटत असावी. मला नाही वाटली. उरलेला नमुना मात्र मी ठेवून घेतला, नीट, तेल लावलेल्या तुकड्यावर परत घेऊन बघण्यासाठी. त्याचा तुकडा बाद. खिडकीचं दार वाऱ्याने आपटतं तिथे अडकवून ठेवलाय.

रेंजवर आजही दोन पुंजके. प्रतिक्षाने विचारलं, "कवा बसवतेस गो मग?" मी म्हटलं, योग्य वस्तू मिळाली की. ती म्हणाली, "आनि नाय गावली तर?" असल्या प्रश्नांना मी उत्तर देत नाही.

१ एप्रिल, बुधवार

पुष्करचंच इपॉक्सी, तेच प्रमाण, काट्यावर तोलून, हळूहळू ढवळून, बुडबुडे न येऊ देता. तेल लावलेला तुकडा. दोन दिवस ठेवलं.

सुटलं. सबंध. खालची बाजू आरशासारखी.

म्हणजे हेही तसलंच. एकदा धरतं, एकदा सोडतं. वाईट वस्तू मी समजू शकते, पण लहरी वस्तू विकणाऱ्यांना लाज वाटायला हवी. पुष्करला फोन केला. तो म्हणाला, "मैथू, तेल..." मी म्हटलं, तेलाला दोष देऊ नकोस, तेल वीस वर्षं आहे आणि तुझी कंपनी सहा. फोन ठेवला.

आता परदेशी उरलंय, खास रायफलसाठी बनवलेलं. पुण्याच्या एका माणसाने ग्रुपवर त्याचे फोटो टाकलेत. मागवलं तर यायला महिना लागेल म्हणतो. हा माणूस स्वतःच्या रायफलला नाव ठेवतो. तिचं नाव चांदणी आहे. त्याच्या सल्ल्यावर जायची वेळ आली.

४ एप्रिल, शनिवार

सकाळी आत्याकडून कुवरी, म्हणजे भाजीचा कोवळा फणस आला. आईची कंबर धरली होती म्हणून चिरायला मला बसवलं. मी विळी पुढे ओढली आणि सरळ हात घातला.

"अगं, हाताला तेल लाव आधी!" आई चुलीकडून ओरडली. "विळीलापण. नाहीतर चीक धरेल, आठवडाभर सुटायचा नाही."

मी तेल घेतलं, दोन्ही तळव्यांना चोळलं, पात्याला लावलं. फणसाला पहिली चीर दिली. पांढरा चीक आला, बोटांवर उतरला आणि तसाच ओघळून गेला. धरलं नाही.

मी विळी सोडून बोटं उजेडात धरली. आई म्हणाली, "काय झालं, बोट कापलंस?"

प्रत्येक आईने प्रत्येक मुलीला सांगितलेली गोष्ट. लोखंडाला मेण कशासाठी लावायचं हे मी ९ मार्चला याच वहीत ऐटीत लिहिलं, आणि दहा दिवसांनी लाकडाला तेल पाजून, वर त्याला प्रामाणिकपणा म्हणून, इपॉक्सी चिकटत नाही म्हणून दुकानदाराला, कंपन्यांना, पुष्करला नावं ठेवत बसले. घरी शिकलेली मुलगी. तीस पोरं एकदम चुकली असती तर त्यातलं एखादं तरी हसलं असतं आणि मला कळलं असतं.

फणस मी चिरला. भाजी चांगली झाली असं सगळे म्हणाले. मला चव कळली नाही.

कारण पुढची गोष्ट मला लगेच कळली होती. तुकड्यांचं तेल दोन आठवड्यांचं आहे. दस्त्याचं वीस वर्षांचं, आणि ते बाबांनी पाजलेलं आहे.

७ एप्रिल, मंगळवार

शनिवारी दुपारी उरलेले दोन तुकडे घेतले. पुष्करकडून ॲसिटोन मागवलं. त्याने "कशाला" असं विचारलं नाही आणि "मी म्हणालो होतो" असंही म्हणाला नाही. बहुतेक विसरला असेल. ॲसिटोनने खाचा पुसल्या. फडकं पिवळं झालं. मग खडूची पूड भिजवून खाचेत थापली आणि तुकडे उन्हात ठेवले. पूड वाळली की तेल ओढून घेते, तपकिरी होते. ती झाडायची, परत पुसायचं, परत थापायची. पूड पांढरी राहीपर्यंत. मग एकात पुष्करचं स्लो, दुसऱ्यात दुकानातलं झटपट.

आज तपासले. दोन्हींनी धरलं. झटपटवालं हातोडीने तडकलं, पण सुटलं नाही, आणि उन्हात ठेवल्यावर नखाने दाबता आलं. एप्रिलच्या उन्हात रेंजवर रायफल किती तापते ते मला माहीत आहे, म्हणून ते बाद. स्लोने हू की चू केलं नाही. काम करायला वेळही देतं. निवड झाली: पुष्करचं, ॲल्युमिनियमची पूड घातलेलं. जे त्याने पहिल्या रविवारी गाडीत सांगितलं होतं तेच. योगायोगाने बरोबर निघणारी माणसं असतात.

प्रश्न आता इपॉक्सीचा राहिलेला नाही. दस्ता पूर्ण उघडायचा, ॲसिटोन, खडू, ऊन, कित्येकदा. वीस पाडव्यांचं तेल काढायचं. आतून लाकूड फिकं पडेल, कोरडं दिसेल. वरची चमक वाचवता येईल, पण खाच बघितली की बाबांना कळेल. आणि वास जाईल. आमच्या रायफलला तो वास आहे. डोळे मिटून सांगता येतं ती कुठल्या खोलीत आहे.

त्यांना कसं सांगायचं? तुम्ही कधीही न विसरलेली गोष्ट मी खरवडून टाकते आहे, असं? त्यांच्याकडून अजून होत असलेलं रायफलचं ते एकच काम होतं.

९ एप्रिल, गुरुवार

आज दोन गोष्टी विचित्र झाल्या.

मागच्या खोलीत मुलांची शिकवणी घेऊन बाहेर आले तर खिडकीतला तुकडा जागेवर नव्हता. बाकीचे तुकडेही ओटीच्या कट्ट्यावर मांडलेले होते, सुटलेले एका बाजूला, धरलेले एका बाजूला. माझी मांडणी वेगळी होती. आई हात लावत नाही. बाबांना विचारलं तर म्हणाले, "दार आपटत होतं." दार आपटू नये म्हणूनच तर तो तुकडा तिथे होता. हल्ली त्यांचं बोलणं असं तुटक होतं. डॉक्टरांनी हे होईल असं सांगितलं होतं.

मग विचारलं, "हा लाकूड चिरलेला कोणाचा?"

"पुष्करचा. त्याने तेल न लावताच..." आणि मी थांबले.

"हं," म्हणाले. "पुष्कर." आणि पेपर उघडला.

दुसरी गोष्ट. संध्याकाळी पुष्कर ॲसिटोनची दुसरी बाटली द्यायला आला तेव्हा बाबांनी त्याला उंडीच्या तेलाची बाटली दिली. निम्मीच्या वर भरलेली. "ती पेणची मुलगी, तिच्या घरी होडी आहे ना? तिकडे दे. तिकडे लागेल." मी दारात उभी होते. ही बाटली त्यांनी आईलासुद्धा कधी कपाटातून काढू दिली नाही, आणि ज्या मुलीला ते एकदाही भेटले नाहीत तिला चक्क देऊन टाकली. पुढच्या पाडव्याला काय लावणार, हेही त्यांच्या लक्षात आलं नाही. मला रडू आलं. आजार माणसाला असा विसराळू करतो. पुष्करने बाटली दोन्ही हातांनी घेतली आणि "हो मामा" म्हणाला, जसं काही देव्हाऱ्यातलं घेतोय. नाटकी आहेच तो.

प्रतिक्षाला फोन केला, निदान नीट वापर असं सांगायला. ती म्हणाली, "सरांनी दिलाय? मना? अगो, मी कायच केला नाय त्यांचा!" मग म्हणाली, "तू रडतेस काय गो?" मी नाही म्हटलं. तिने विश्वास ठेवला. ती कशावरही विश्वास ठेवते.

१० एप्रिल, शुक्रवार

उद्या शनिवारी बाबांना मुंबईला डॉक्टरकडे न्यायचं आहे. आई सोबत जाईल, गाडी पुष्करची. पहाटे निघतील, रात्री येतील. पुष्कर परवाच म्हणाला होता, "मैथू, शनिवारी करून टाक. मामा नसतील, तोवर निम्मं काम होईल. नंतर झाकून टाक. कोणी आत बघत नाही." त्याच्या मनात चांगलंच असतं, पण माल झाकून द्यायची सवय सुटत नाही. "नाहीतर माझ्याकडे आण," असंही म्हणाला. लायसन माझ्या नावावर आहे, रायफल कोणाकडे ठेवायची हे मी ठरवू शकत नाही, हे त्याला शंभरदा सांगून झालंय.

तरीही सकाळी मी यादी शनिवारचीच केली. आधी दस्ता सोडवायचा, खाच पुसायची, ऊन चढायच्या आत पहिली खडूची पूड थापायची. दुपारपर्यंत तीन वेळा होईल. इपॉक्सी भरायला अजून आठवडा लागेल, पण निदान तेल निघायला लागेल. खडू दळून ठेवले. फडकी फाडून ठेवली. लोखंडासाठी मेणाचं पॉलिश वेगळ्या डबीत, त्यावर नाव लिहून, म्हणजे घोळ नको.

दुपारी बाबांनी विचारलं, "खडू कशाला दळतेस? रांगोळी?"

"नाही."

"मग?"

"काम आहे."

 मी खाली बघून दळत राहिले. बाबा म्हणाले, "बारीक दळ. जाड पूड ओढत नाही."

काय ओढत नाही, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. शिकवणीची मुलं आली आणि मी उठले. आता लिहिताना वाटतं की विचारायला हवं होतं, पण बाबा आयुष्यभर खडूच्या पुडीतच जगले, त्यांना तिच्याबद्दल काहीही माहीत असेल.

संध्याकाळी आईने त्यांची बॅग भरली. ते म्हणाले स्वेटर नको, रात्री परत तर यायचंय. मग माझ्याकडे वळून, "उद्या घरी एकटी आहेस. काय करणार?"

मी म्हटलं, "ठरलं नाही."

हे खोटं होतं. ठरलेलं होतं, यादीसकट. मी बाबांशी इपॉक्सीवरून वाद घातलाय, मतदानावरून घातलाय, एकदा पायथागोरसवरून घातलाय, पण खोटं बोलल्याचं आठवत नाही. पेणच्या दुकानदाराला मी हसले, पण तो मखरच समजत होता आणि मखरच बोलत होता. पुष्करने तेल लावलं नव्हतं, तर तसं सरळ सांगितलं. या सगळ्या कथेत तोंडावर खोटं बोललेली मी एकटी.

घर रिकामं असेल म्हणून मी शनिवार निवडला. दुसरं कोणतंच कारण नव्हतं. ऊन रविवारीही तेवढंच असेल. लाकूड रविवारीही तेवढंच तेल सोडेल. निवड स्पर्धा एका दिवसाने जवळ येईल, एवढंच, आणि या रविवारी रेंजवर जाणार नाही असं पुष्करला कळवलं आहे.

बाबा ओरडले तर ओरडू देत. बाजार म्हणाले तर म्हणू देत. मी त्यांना तुकडे हातात देईन, सुटलेले आणि धरलेले, आणि म्हणेन की दस्त्याचं तेल काढते आहे, बसा आणि बघा. नको म्हणाले तर काय, ते मला माहीत नाही. काढेन, असं वाटतं.

उद्या मुलांचे पेपर तपासणार. रायफल कपाटातच राहील.

यादीवरचा वार बदलला: रविवार, १२ एप्रिल, सकाळी, ओटीवर, बाबा खुर्चीत असताना.